मदत हवी आहे: शाडूच्या कामाला भेगा जातायत, हात खाली येतोय

उभी_सीट
नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचा शिल्पकलेचा कोर्स करतेय. वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी एक बाई करतेय, लेडीज डब्यात हँडल धरून उभ्याउभ्या झोपलेली. डबा नाही, गर्दी नाही, फक्त ती आणि वर गेलेला हात. रविवारी निघताना सगळं छान असतं. पुढच्या शनिवारी जाऊन बघावं तर मान आणि मनगट आरपार चिरलेलं, हात खांद्यातून खाली आलेला. भेग बुजवली की शेजारी दुसरी. सर म्हणतात, आधी नुसतं धड कर, हातबित पुढच्या वर्षी. अहो, हात काढला तर ती बाई तिथे उभी कशाला आहे? 'माती नीट मळा' हे कृपया सांगू नका, मळलीये. परवा परत क्लास आहे, लवकर सांगा.

कुंपणावरचा
उंची किती? आत काय घातलंय? शेवटी भाजायचंय, साचा काढायचाय की तसंच ठेवायचंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही. उपाय काय कपाळ सांगणार?

पेणकर_बंधू
शाडूत कागदाचा लगदा कालवा, भेगा कमी होतील. आणि ताई, शाडूचा हात असा मोकळा वर कोणी काढत नाही. गणपतीचे वरचे हात बऱ्याचदा कानाला नाहीतर मागे टेकवलेले असतात, ते उगीच नाही.

नदी_वाचवा
शाडू वापरताय याबद्दल अभिनंदन. पीओपीच्या नादी लागू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्ती विसर्जनाबद्दलची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सर्वांनी एकदा वाचावीत.

उभी_सीट
मी विसर्जन करणार नाहीये हो!
@कुंपणावरचा, अडीच फूट. आत लोखंडी सळई पाटाला पक्की केलेली, हाताला तार, तारेवर सुतळी. सगळेच असं करतात म्हणून लिहिलं नाही. साचा काढायचा नाही. मातीच ठेवायची आहे.

निवृत्त_कलाशिक्षक
मग दुखणं इथेच आहे. माती सुकताना आकसते, सळई आकसत नाही. मातीप्रमाणे शेकडा ५ ते १० धर, म्हणजे अडीच फुटांत दीड ते तीन इंच. मधे सळई ताठ उभी, मग माती जिथे सर्वांत बारीक तिथे फाटणार: मान, मनगट. बुजवायला घातलेली ओली माती पुन्हा आकसते, म्हणून शेजारी नवी भेग.
आर्मेचरवरचं, म्हणजे आतल्या सळई-तारेच्या सांगाड्यावरचं काम सुकवायचंच नसतं, साचा घेईपर्यंत ओलं ठेवायचं असतं. जाताना पाणी फवार, ओलं सुती फडकं गुंडाळ, वरून प्लास्टिक, खाली दोरीने घट्ट बांध. हाताची तार एका पंजापासून खांद्यांतून दुसऱ्या पंजापर्यंत अखंड हवी. दंडात लाकडाच्या दोन चिपांची फुली तारेने बांधून लोंबती सोड, आम्ही तिला बटरफ्लाय म्हणायचो. माती तिला धरून बसते, घसरत नाही. मग प्लास्टरचा साचा घे.

रेझिन_राजा
कशाला एवढा व्याप? फायबरमध्ये ओता. हलकं, तुटत नाही, कुठेही न्या. विषय संपला.

उभी_सीट
फायबरला रंग मारला की ती साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसते. मला दिवसभर राबून निघालेली, अंगावर धूळ बसलेली बाई हवी आहे. आणि प्लास्टर पांढरंफटक.

निवृत्त_कलाशिक्षक
पांढरंफटक म्हणून नाक मुरडू नकोस. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी', ती देवळात निघालेली बाई, विद्यार्थीदशेत केली, १८९० च्या दशकात, आणि ती प्लास्टरचीच होती.

जांभा_दगड
प्लास्टरला ओल लागली की संपलं. सिमेंट वापरा. शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी १९२८ चा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी ब्राँझमध्ये केला, पण सिमेंटमध्येही किती काम केलंय बघा. अलिबागजवळच्या सासवण्याचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, मांडव्याला उतरून जाता येतं.

भट्टीवाली
तिला माती हवी आहे आणि तुम्ही सगळे तिला मातीपासून पळवताय.
@उभी_सीट, शाडू सोड. कुंभाराची माती घे, त्यात भाजलेल्या मातीची बारीक भरड मिसळ, आकसणं कमी होतं. आत सळई नको. पायापासून वळ्या रचत पोकळ बांध, भिंत बोटभर, सगळीकडे सारखी. खालचा थर थोडा कडक झाल्याशिवाय वरचा चढवू नकोस, नाहीतर बसेल. तळाला भोक ठेव. सावकाश सुकव, हात आणि मान प्लास्टिकमध्ये झाकून, कारण बारीक भाग आधी सुकतो. ९०० अंशांच्या आसपास भाजून होईल. आत ओल राहिली तर वाफेने फुटेल.

निवृत्त_कलाशिक्षक
पोकळ कामात वर केलेला हात? सुकेपर्यंत तो कोण धरणार, तुम्ही?

भट्टीवाली
हात वेगळा करायचा, वेगळा भाजायचा, नंतर आत पिन घालून एपॉक्सीने जोडायचा. सांधा ब्लाउजच्या बाहीच्या काठावर घ्या, कोणाला दिसतोय?

बदलापूर_फास्ट
शिल्पातलं कळत नाही, पण आमच्या गाडीत हँडलपर्यंत हात पोहोचत नाही. बाई गर्दीच्या जोरावर उभी असते. हँडल धरून झोपलेली म्हणजे नक्की दुपारची गाडी.

कुंपणावरचा
+१. शिवाय हल्ली १५ डब्यांच्या गाड्यांनाही...

उभी_सीट
गाड्यांचा वेगळा धागा काढा ना!
पण बदलापूर_फास्टचं पटलं. ती गर्दीवर रेललेली असेल तर सगळं अंग एका बाजूला कलायला हवं, आणि हँडलवर फक्त दोन बोटं. हाताचं वजनही कमी होईल. आणि एक सुचलंय. छतातून खरंखुरं हँडल टांगलं आणि ओला हात सुकेपर्यंत त्यातच अडकवून ठेवला तर?

भट्टीवाली
अजिबात नको. सुकताना बाई बुटकी होणार, हँडल आहे तिथेच राहणार. हात खांद्यातून ओढला जाईल. सळईचं झालं तेच पुन्हा. हँडल भाजून झाल्यावर लाव.

उभी_सीट
बरं, हँडल शेवटी. सळई काढतेय. सर धडच मागतायत ना, पोकळ धड देते त्यांना, हात घरी करते. भट्टीचं काय? क्लासमध्ये नाहीये.

भट्टीवाली
धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन विचार. तिथल्या उघड्या भट्टीत आच एकदम चढते, म्हणून पूर्ण सुकलेलंच ने, आणि भिंतीची जाडी आधी सांग. दिवाळी जवळ आली की त्यांना पणत्यांची घाई असते, त्याच्या आत जा.

पेणकर_बंधू
सणाचे दिवस असले तर आमच्याकडेही तेच. लगद्याचा विचार मात्र सोडू नका.

चिंचेची_आमटी
कोर्स कुठला आणि फी किती? भाचीला बारावीनंतर घालायचाय. सरकारी प्रमाणपत्र मिळतं का?