मदत हवी आहे: लॉरा रॉस्लिन, बदललेली मतपेटी आणि समोर बसलेल्या केंद्राध्यक्ष बायका

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमच्या घराजवळच्या वाचनालयात दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम असतो. ऐकायला येणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका शिक्षिका असतात, काही निवृत्त, काही अजून जिल्हा परिषदेच्या शाळेत. यंदा वीस मिनिटांचं अभिवाचन माझ्याकडे आलंय आणि मी लॉरा रॉस्लिन निवडली आहे. संहिता बरीचशी झाली, पण एका जागी आठवडाभर अडकून पडले आहे.

ज्यांनी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही टीव्ही मालिका (२००३ ते २००९) पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसांच्या बारा वसाहती, वीस अब्ज लोकसंख्या. माणसांनीच घडवलेले यंत्रमानव, सायलॉन, एका दिवसात सगळं बेचिराख करतात. सरकारातले वरचे सगळे जातात. उत्तराधिकाराच्या यादीत ४३व्या क्रमांकावर असलेली शिक्षणमंत्री लॉरा रॉस्लिन (मेरी मॅकडॉनलनं केलेली भूमिका) एका प्रवासी यानात असते म्हणून वाचते. त्याच दिवशी तिला स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलेलं असतं. त्याच यानात तिचा शपथविधी होतो आणि उरलेल्या पन्नासेक हजार माणसांची ती राष्ट्राध्यक्ष होते.

मी तिला का निवडलं ते सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आई मिरज तालुक्यातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळेचं निवारा केंद्र झालं. पहिल्या रात्री आईनं चौथीच्या वर्गातला फळा पुसला आणि आत किती माणसं आहेत तो आकडा कोपऱ्यात लिहिला. कुणी पाहुण्यांकडे गेलं की आकडा कमी, बोटीतून नवं कुटुंब आलं की जास्त. भाकरी त्या आकड्यावर यायच्या, गोळ्या-औषधं त्या आकड्यावर. पाणी उतरेपर्यंत तो फळा दुसऱ्या कुणाला पुसू दिला नाही तिनं.

पुढं दोन वर्षांनी, आई निवृत्त झाल्यावर, आम्ही दोघींनी ही मालिका पाहिली. रॉस्लिनच्या यानात एक पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. पहिल्याच भागात सायलॉन दर ३३ मिनिटांनी हल्ला करत असतात, पाच दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. मागं राहिलेलं एक प्रवासी यान परत येतं, त्यात शत्रू असल्याचा संशय असतो आणि ते पाडायचं का हे तिला ठरवावं लागतं. ती पाडायला सांगते. भागाच्या सुरुवातीला ५०,२९८ असलेला आकडा शेवटी ४७,९७२ वर येतो. तेवढ्यात वाचलेल्या यानांच्या ताफ्यात एक मूल जन्मल्याचं कळतं आणि ती शेवटचा आकडा पुसून ४७,९७३ करते. आई एवढंच म्हणाली, "हजेरी घेतेय ती."

तिथून आईला ही बाई आवडली. आधीच्या राष्ट्राध्यक्षाला न जुमानता तिनं शिक्षकांचा संप मिटवला होता आणि त्यापायी त्यानं तिचा राजीनामा मागितला होता, हे कळल्यावर तर फारच. २०२३च्या मार्चमधला पेन्शनचा संप आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींनी केलेला आहे, त्यामुळं तो प्रसंग वाचायचा हे नक्की.

आता पहिली, छोटी अडचण. सगळे तिला 'मॅडम प्रेसिडेंट' म्हणतात. याला मराठीत काय म्हणू? २००७ साली प्रतिभाताई पाटील झाल्या तेव्हा 'राष्ट्रपती' या शब्दावरून बराच काथ्याकूट झाला आणि शब्द तोच राहिला. पण रॉस्लिन नुसती सही करणारी नाही, कारभार तीच चालवते, म्हणून 'राष्ट्राध्यक्ष'. हाक मारायला मात्र 'राष्ट्राध्यक्ष महोदया' जिभेवर बसत नाही. मी सरळ 'बाई' केलंय. सुरुवातीला लष्करातली माणसं 'शाळामास्तरणीचे हुकूम ऐकायचे का' म्हणून तिला मोडीत काढतात. तिथंही 'बाई'. आणि शेवटी लष्कराचा प्रमुख ॲडामा तिच्यासमोर टोपी काढून उभा राहावा तसा बोलतो, तिथंही 'बाई'. शब्द एकच, आवाज बदलायचा. आपल्याकडे पहिलीतलं पोरही ज्या आदरानं 'बाई' म्हणतं तो इंग्रजीतल्या 'मॅडम'मध्ये मला सापडत नाही. हे चालेल का, सांगा.

खरी अडचण पुढची. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी निवडणूक होते. समोर गायस बाल्टर. नुकत्याच सापडलेल्या एका ग्रहावर कायमची वस्ती करू, असं तो वचन देतो आणि पळून थकलेले लोक त्याच्याकडे वळतात. हल्ल्याआधी त्याला हुबेहूब माणसासारख्या दिसणाऱ्या एका सायलॉन बाईबरोबर पाहिल्याचं रॉस्लिनला आठवलेलं असतं, पुरावा मात्र नसतो. तेव्हा तिच्या संमतीनं तिची माणसं मतपेटी बदलतात. गेटा नावाच्या अधिकाऱ्याला मतांत गफलत दिसते. ॲडामा तिला समोरासमोर विचारतो आणि ती खोटं बोलत नाही, कबूल करते. निकाल दुरुस्त होतो. बाल्टर निवडून येतो.

इथं आईनं टीव्ही बंद केला होता. पस्तीस वर्षांच्या नोकरीत किती निवडणुका केल्या याची तिलाही मोजदाद नाही. मतपत्रिकेच्या काळात रात्री कंदिलाखाली बसून लाखेची मोहोर लावायची, मिळालेल्या किती, वापरलेल्या किती, उरलेल्या किती, हिशेब जुळला नाही तर जागचं उठायचं नाही. एकदा एका मतपत्रिकेसाठी पहाटेपर्यंत बसली होती. मी म्हटलं, अगं, पुढं रॉस्लिनच बरोबर ठरते. लोक त्या ग्रहावर उतरतात, वर्षभरानं सायलॉन येतात, ताबा घेतात, माणसं मरतात. आई म्हणाली, "ते नंतर कळलं. पेटी बदलली तेव्हा कुठं कळलं होतं?"

मग मला प्रश्न पडला. माझ्यासमोर बसणाऱ्या चाळीस बायकांपैकी तीस जणींनी तरी केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकारी म्हणून काम केलं आहे. हा प्रसंग गाळला तर मी रॉस्लिनची आरती ओवाळल्यासारखं होईल, आणि ते मला सावित्रीबाईंच्या जयंतीला तर मुळीच करायचं नाही. ठेवला तर वीस मिनिटांत त्या बायका तिच्याकडे पाठ फिरवतील. जन्मभर स्त्रीच्या हक्काची बाजू घेतलेली ही बाई लोकसंख्या वाढावी म्हणून गर्भपातावर बंदी घालते, तेही आहेच. पण ते दोन वाक्यांत येऊ शकतं. मतपेटी येत नाही.

कुणी अभिवाचन, एकपात्री केलं असेल तर सांगा: नायिकेचं असं कृत्य कुठं ठेवायचं? मध्ये की शेवटी? आणि कुणाच्या तोंडून?

प्रतिसाद (कराडहून)

'बाई' अगदी ठेवा. आमच्या शाळेत आता 'मॅडम' झालंय, पण साठीच्या पुढच्या माजी विद्यार्थिनी भेटल्या की 'बाई'च म्हणतात. प्रसंग गाळू नका एवढंच सांगते. मी स्वतः अकरा वेळा केंद्राध्यक्ष होते. आम्हाला लबाडी ओळखता येते, लपवलेलीसुद्धा.

प्रतिसाद (साताऱ्याहून, हौशी रंगभूमीवर वीस वर्षं)

तुम्ही अडकलात कारण तुम्ही तो प्रसंग रॉस्लिन होऊन वाचताय. तिथं तिच्यातून बाहेर पडा आणि गेटा व्हा. समोरच्या बायका आयुष्यभर गेटाच होत्या! त्यांनी फक्त हिशेब न जुळणं ऐकावं, आकडा आकड्याला लागत नाही ते. मग ॲडामाचा एक प्रश्न आणि तिचं एकच उत्तर. तिच्या बाजूनं एकही वाक्य घालू नका.

आणि निवडणुकीवर थांबू नका. हरल्यावर ती काय करते? त्या ग्रहावर तंबूत शाळा घेते, मुलांना शिकवते. सायलॉन उतरतात तेव्हाही ती तिथंच असते. परत सत्ता हातात आल्यावर सूड न घेता सगळ्यांना माफी जाहीर करते. मी असतो तर तंबूतल्या शाळेवर संपवलं असतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री तो भाग गेटाच्या तोंडून पुन्हा लिहिला आणि आईला वाचून दाखवला. तिनं मध्येच थांबवलं, चष्मा मागितला आणि माझ्या हिशेबाचा क्रम चुकलाय म्हणून पेनानं दुरुस्त केला: आधी मिळालेल्या, मग न वापरलेल्या, मग मतदारांना दिलेल्या, त्यातून खराब झालेल्या वेगळ्या. मग म्हणाली, हे मीच वाचते, तुला जमायचं नाही. म्हणजे आता आम्ही दोघी आहोत. तिचा आवाज बारीक आहे, पण हिशेब वाचताना तो कापत नाही.

शेवट तंबूतल्या शाळेवर केला आहे. एक मागणं उरलं: वाचनालयात फक्त पांढरा बोर्ड आहे. रॉस्लिनचा पांढरा असला तरी मला इथं काळा फळा हवाय, तिकाटण्यावर उभा राहणारा जुना लाकडी. सांगली-मिरजेत कुणाच्या शाळेत अडगळीत पडला असेल तर एका दिवसासाठी द्याल का? टेम्पो मी आणते, दुसऱ्या दिवशी पुसून परत पोचवते.