डीप रॉक गॅलॅक्टिकमध्ये सुरुवातीला गनरच का घ्यायचा?

डीप रॉक गॅलॅक्टिक या गुहेत खोदकाम करत किड्यांशी लढायच्या गेममध्ये गनर, स्काउट, इंजिनिअर आणि ड्रिलर अशी चार पात्रं निवडता येतात. त्यातलं नवीन माणसाने डोळे झाकून गनर घ्यावा असं एकाने म्हटलंय, ते अर्धंच पटतं मला. मिनीगन आहे, शील्ड आहे, मरायची भीती कमी हे खरं, पण त्यात गुहेत फिरायचं कसं हे शिकायचं राहूनच जातं ना.

माझं मत स्काउट. फ्लेअर गनने अख्खी गुहा उजळते आणि ग्रॅपलिंग हुकने कुठेही चढता येतं, पण खरी मजा इंजिनिअर सोबत असला की येते, म्हणजे वर भिंतीत नायट्रा (रिसप्लायसाठी लागणारं खनिज) दिसला की इंजिनिअरने त्या खनिजाच्या खाली प्लॅटफॉर्म मारायचा आणि स्काउटने हुक टाकून त्यावर जाऊन उभं राहायचं, दोघांनी एक शब्द न बोलता हे जमवलं ना की काय भारी वाटतं! आणि 80 नायट्रा झाल्याशिवाय रिसप्लाय, म्हणजे गोळ्यांचा नवा साठा, मागवता येत नाही, त्यामुळे ते वरचं कोण काढणार हा प्रश्न प्रत्येक मिशनला येतोच.

फक्त स्काउट घेतला तर किड्यांच्या झुंडीत एकटं घुसू नका प्लीज, त्याचं काम उजेड आणि खनिजं, गर्दी बाकीचे बघतील. ड्रिलर जरा नंतर घ्या, त्याचं सी४ स्फोटक आपल्याच माणसांना लागतं.

एकटे खेळणार असाल तर मात्र बॉस्को ड्रोन मिळतो, तो उंचावरचं खोदून देतो आणि पडलात तर उठवतोही, मग स्काउटचा अट्टहास नको, इंजिनिअर घ्या. टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) लावून निवांत खोदता येतं.