स्लीव्हचं (वजनासाठी पोट लहान करायचं) ऑपरेशन होऊन ४ महिने झाले, पोळी उतरतच नाही, केस गळतायत... असंच असतं का?

मोगरा_नाशिक

नमस्कार, बरेच महिने नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय. वय ३९, शाळेत शिक्षिका आहे. वजन ११८ होतं, शुगर सुरू झालेली, गुडघे इतके दुखायचे की वर्ग दुसऱ्या मजल्यावर आला की पोटात गोळा यायचा. खूप विचार करून स्लीव्ह करून घेतली, आता ४ महिने होतील. वजन ९२ वर आलंय, शुगरची गोळी बंद झालीये, जिने चढते. म्हणजे चांगलं झालंय हे मला कळतं, पण तरी रोज रडू येतं म्हणून लिहितेय.

पहिले १५ दिवस डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, नारळपाणी, मग मिक्सरमधून काढलेलं, मग गुरगुट्या भात असं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, काही त्रास नाही झाला. पोळी सुरू केल्यापासून मात्र तिसऱ्या-चौथ्या घासाला छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखं होतं, तोंडात चिकट लाळ सुटते आणि मग उलटी, ती झाल्यावरच बरं वाटतं. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता ३ आठवडे जवळजवळ रोज होतंय आणि गेल्या ४-५ दिवसांत तर मुगाचं वरणसुद्धा परत आलं. शाळेत मधली सुट्टी ३० मिनिटांची, त्यात पोरं वह्या घेऊन येतात, मग १० मिनिटांत डबा संपवते, त्यामुळे होत असेल का? व्हिटॅमिनच्या गोळ्या पण बऱ्याचदा उलटीत जातात. आणि तळपायाला मुंग्या येतात हल्ली, दिवसभर उभं राहून असेल.

केसांचं तर विचारू नका, न्हाल्यावर बाथरूमच्या जाळीवर अख्खा गुंता निघतो. १७ दिवस झाले काटा ९२ वरून हललेला नाही.

सासूबाई खूप प्रेमळ आहेत पण रोज जेवताना "एवढंसंच? अगं चिमणीसुद्धा जास्त खाते" म्हणतात आणि वाटीत अजून चमचाभर घालतात, आणि ताटात टाकायचं नाही ही लहानपणापासूनची सवय, म्हणून मी तो चमचाही खाते. रविवारी मी आणि नवरा मिसळ खायला जायचो, लग्नाआधीपासूनची पद्धत आमची, ती बंद झाली. तो माझ्यासमोर खात पण नाही आता. भूक लागत नाही पण खावंसं वाटतं, हे कसं सांगायचं कुणाला? नॉर्मल कधी होतं सगळं? की मी चूक केली?

वाटीभर

मोगराताई, मी पुण्यात डायटिशियन आहे, ऑपरेशन झालेले पेशंट बघते. बाकी सगळं नंतर, आधी हे वाचा. ३ आठवडे रोज उलटी आणि पायाला मुंग्या ही "असंच असतं" मधली गोष्ट नाहीये. उद्या सकाळी तुमच्या सर्जनकडे जा, अपॉइंटमेंट नसेल तर फोन करून हेच दोन शब्द सांगा, उलट्या आणि मुंग्या, लगेच बोलावतील.

कारण सांगते. बी१ म्हणजे थायमिन हे शरीरात फार साठत नाही, जेमतेम काही आठवड्यांचा साठा असतो. तुमचं खाणं आधीच कमी, त्यात ते परत येतंय, गोळ्याही जातायत, म्हणजे साठा संपत आला असण्याची दाट शक्यता आहे. त्याची सुरुवात बऱ्याचदा पायापासूनच होते, आणि दुर्लक्ष केलं तर तोल जाणं, नजर दुहेरी होणं, गोंधळल्यासारखं होणं इथपर्यंत जातं आणि त्यातलं काही कायमचं राहू शकतं. घाबरवत नाहीये, वेळेत बी१ दिलं तर छान सुधारतं. फक्त एक लक्षात ठेवा, अशक्तपणा आला म्हणून जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. आधी बी१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोज, हा क्रम महत्त्वाचा आहे. ऑपरेशन झालंय हे कुणाहीकडे गेलात तरी पहिल्या वाक्यात सांगायचं.

उलटीचं कारणही शोधावं लागेल. भरभर खाणं हे एक असतंच, पण पातळ पदार्थही परत यायला लागले तर स्लीव्ह कुठे अरुंद झालीये का ते दुर्बिणीतून बघतात.

केसांबद्दल मात्र निश्चिंत राहा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणांचे गळतात, मुळं मेलेली नसतात, झोपलेली असतात, परत येतात. त्यासाठी नुसत्या बायोटिनवर पैसे घालवू नका, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा आणि प्रोटीन मोजा. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, आणि आपल्या घरचं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी ४-५ च्या वर जात नाही, म्हणून वरणावर भिस्त ठेवून चालत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत २ तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. पण हे सगळं उलट्या थांबल्यावर. उद्या जा.

रंकाळा

वरच्या ताईंनी लिहिलंय ते पहिलं करा. मी कोल्हापूरचा, २०१८ ला पोटाचा बायपास झालाय (हृदयाचा नव्हे, हे पण वजनासाठीचंच, पोट लहान करून आतड्याला जोडतात), १४६ वरून ८८ पर्यंत गेलो, आता ९४-९५ ला आहे. मधे ६-७ किलो परत आलं आणि ते बऱ्याच जणांचं येतं, त्याने खचू नका.

काटा थांबणं मला पण झालं होतं, एकदा सलग ३ आठवडे. पँट सैल होत होती पण काटा तिथंच. तेव्हापासून काटा आठवड्यातनं एकदाच, सोमवारी सकाळी, बाकी दिवस कपाटावर.

खाण्याचं मला जे जमलं ते सांगतो. लहान वाटी आणि चहाचा चमचा, घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, हातात धरून बसायचं नाही. आधी अंडं-मटण-उसळ जे काय असेल ते, मग भाजी, पोळी-भात शेवटी आणि जागा असली तरच. पाणी जेवणाबरोबर अजिबात नाही, अर्धा तास मागं-पुढं. गव्हाच्या पोळीचा तोंडात गोळा होतो, त्यापेक्षा ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून मला लवकर सोसली, तुमचं वेगळं असू शकेल. आणि पहिल्या वर्षी ज्यानं मला खरं तारलं ते म्हणजे आमच्याकडचं अळणी, मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. आई गाळून अर्धी वाटी द्यायची आणि मी ती २० मिनिटं घोट घोट घ्यायचो.

आता माझ्या चुका. भाऊबीजेला बहिणीनं वाटीभर बासुंदी दिली, तिला नाही कसं म्हणायचं म्हणून घेतली. १५-२० मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधडायला लागली, हातपाय गार, मग जुलाब. घरच्यांना वाटलं हार्ट अटॅक. डंपिंग म्हणतात त्याला, बायपासवाल्यांना जास्त होतं. बहिणीनं तेव्हापासून माझ्यासाठी ओवाळणीच्या ताटात पेढ्याच्या जागी खारे शेंगदाणे ठेवलेत, दर वर्षी. दुसरी चूक यापेक्षा मोठी. गुडघा दुखत होता म्हणून मेडिकलमधनं दुखण्याच्या गोळ्या (आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या) घेऊन ८-१० दिवस खाल्ल्या, कुणाला विचारलं नाही. शी डांबरासारखी काळी व्हायला लागली, हिमोग्लोबिन ७ वर आलं, ॲडमिट व्हावं लागलं. जोडलेल्या जागी अल्सर झालेला. बायपास झालेल्यांनी त्या गोळ्यांना हातच लावायचा नसतो, आणि स्लीव्हवाल्यांनी पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. माझ्या पाकिटात आता चिठ्ठी असते, कुठलं ऑपरेशन, कधी, कुठल्या गोळ्या चालत नाहीत.

चूक केली का असं विचारलंत. मला पण ५ व्या महिन्यात तसंच वाटायचं. दुःख असतंच ओ, आयुष्यभराचा सोबती गेल्यासारखं. टेन्शन आलं की खायचो, आनंद झाला की खायचो, आता ते सगळं कुठं ठेवायचं ते कळत नाही. त्याबद्दल बोलायला माणूस शोधा, डॉक्टरांच्या टीममधे काउन्सेलर असतो बऱ्याचदा. मी लाजलो आणि एक वर्ष वाया घालवलं.

दादरकर

माझ्या बायकोची स्लीव्ह झालीये, २ वर्षं झाली. मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितोय. पहिले ३-४ महिने मीच तिला "अजून एक घास" करायचो, कारण ती खाते तेव्हाच ती बरी आहे असं मला वाटायचं, आमच्या घरात प्रेम दाखवायची दुसरी पद्धतच नव्हती. फॉलोअपला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं, पोटाचा ७५-८० टक्के भाग काढलाय, उरलंय ते केळ्याएवढं. ते चित्र बघितल्यावर मी थांबलो. तुम्ही सासूबाईंना घेऊन जा पुढच्या वेळेला. तुम्ही सांगितलेलं त्यांना नखरे वाटतील, डॉक्टरांनी सांगितलेलं वाटणार नाही. आणि मिस्टरांना म्हणावं समोर बसून खा. माझी बायको म्हणायची, तू लपून खातोस तेव्हा मला मी आजारी असल्यासारखं वाटतं.

मोगरा_नाशिक

२४ दिवसांनी लिहितेय, माफ करा उशीर झाला. वाटीभरताई, तुमचं वाचलं त्या रात्री झोप लागली नाही, सकाळी शाळेत फोन करून रजा टाकली आणि गेले. बी१ ची इंजेक्शनं लगेच सुरू केली, २ दिवस ॲडमिट होते. दुर्बिणीतून बघितलं तर स्लीव्हच्या मधल्या भागात अरुंद झालेलं निघालं, फुगा घालून रुंद केलं, कदाचित अजून एकदा करावं लागेल म्हणाले. मुंग्या बऱ्याच कमी झाल्यात, फक्त रात्री थोड्या जाणवतात. डॉक्टर म्हणाले अजून १५ दिवस थांबला असतात तर अवघड झालं असतं. मी मुंग्यांचं त्यांना सांगणारच नव्हते हो, शाळेत उभं राहून येतात असंच धरून चालले होते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सासूबाईंना नेलं होतं. त्यांनी चित्र बघितलं, काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर देवघरातली नैवेद्याची छोटी चांदीची वाटी घासून माझ्या पानात मांडली, म्हणाल्या "ही तुझी". आता त्याच मला सांगतात पुरे म्हणून.

शाळेत मोठ्या बाईंशी बोलले, तिसऱ्या तासाला १५ मिनिटं मोकळी मिळतात आता, डबा दोन वेळा विभागून खाते. वजन ८९.५.

काल डॉक्टरांना विचारून मिसळीला गेलो. मी नुसती मटकी घेतली, तर्री नाही, पाव नाही, ७ चमचे, पाऊण तास लागला. नवरा दुसरा पाव घ्यायचा थांबला होता, मी त्याच्या ताटलीत ठेवला.

रंकाळादादा, अळणीत नक्की काय काय घालतात ते सांगाल का? आमच्याकडे कधी केलं नाहीये, सासूबाई विचारतायत.