लॅपटॉप फॉरमॅट मारण्याआधी

(विजापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप)

ए-३०२, काका: लॅपटॉपमधलं कुणाला कळतं का ओ? बॅटरी गेलेलीच आहे, थेट चार्जरवर चालवतो. काल लाईट गेली तेव्हापासून विंडोज उघडंना. नुसतं ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ येतंय. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही. आत टॉवेलच्या कारखान्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर, टॅली आहे, पोरीच्या लग्नाचे फोटो आहेत.

सी-१०४: आणा की काका, विंडोजचा पेनड्राइव्ह आहे माझ्याकडं. नवीन टाकून देतो. डी ड्राइव्हला धक्का लागत नाही.

बी-२०३, ताई: थांबा, घाई करू नका. काका, फाइल्स कुठं ठेवत होतात?

ए-३०२, काका: सगळं डेस्कटॉपवरच.

बी-२०३, ताई: मग डी ड्राइव्ह सुरक्षित राहून काय उपयोग? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं, ‘युजर्स’ फोल्डरमध्ये. सी फॉरमॅट झाला की फोटोही गेले. टॅलीप्राइमचा डेटा सहसा युजर्सच्या आत ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये असतो. लोक आपल्या नावाचं फोल्डर तेवढं कॉपी करतात आणि हिशोब मागं राहतो.

विंडोज सुरू होत नसलं तरी फाइल्स काढता येतात. त्याच निळ्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘ट्रबलशूट’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘कमांड प्रॉम्प्ट’. काळी खिडकी उघडली की नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. तिथं तुमचे ड्राइव्ह दिसतील. अक्षरं बदललेली असू शकतात, सीच्या जागी डी दिसला तर घाबरू नका, ‘युजर्स’ फोल्डर शोधा. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, आणि एक्स्टर्नल हार्डडिस्कवर पेस्ट. कॉपी किती झाली ते दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. तशीच राहू द्या, बंद करू नका.

सेक्रेटरी: विंडोज स्वतःच नव्यानं बसवणारं ‘रीसेट धिस पीसी’ केलं तर? त्यात ‘कीप माय फाइल्स’ असतं ना?

बी-२०३, ताई: असतं, आणि बहुतेक वेळा नीट चालतं. युजर्समधल्या फाइल्स राहतात, पण टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. टॅली, मराठी टायपिंग, प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन ड्रायव्हर सगळं पुन्हा टाकायचं. शेजारीच ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असतं, तिथं बोट पडायला नको. माझं मत स्पष्ट आहे: दुसरीकडं कॉपी झाल्याशिवाय रीसेटलाही हात लावू नये. हार्डडिस्कच खराब होत आली असेल तर रीसेट अर्ध्यात अडकतं.

सी-१०४: बरोबर आहे ताई. पेनड्राइव्हवरून टाकताना पार्टिशन डिलीट किंवा फॉरमॅट केलं नाही तर जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये जातं, ते सांगायला हवं होतं मी.

बी-२०३, ताई: हो, पण त्या फोल्डरवर विसंबून राहू नका, विंडोज काही दिवसांनी ते आपोआप काढून टाकतं.

ए-३०२, काका: ताई, ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागतंय!

बी-२०३, ताई: बिटलॉकर आहे, म्हणजे विंडोजनं ड्राइव्हला लावलेलं कुलूप. कुठलेही आकडे टाकत बसू नका. मोबाइलवर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, ‘डिव्हाइसेस’मध्ये लॅपटॉपच्या नावाखाली रिकव्हरी की मिळेल. पडद्यावरच्या की-आयडीशी जुळते का बघा. ती मिळेपर्यंत फॉरमॅटचं नाव काढू नका.

ए-३०२, काका: मिळाली. लग्नाचे फोटो कॉपी व्हायला लागलेत.

बी-२०३, ताई: छान. संपल्यावर हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-दहा फोटो उघडून बघा, फोल्डर दिसला म्हणजे फाइल आली असं नसतं. टॅलीचा डेटाही तिथं उघडून शेवटची एंट्री तपासा. रीसेट इन्व्हर्टरच्या सॉकेटवरच करा, मध्येच लाईट गेली तर पुन्हा तोच घोळ.

सेक्रेटरी: सोसायटीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मेंटेनन्सच्या एक्सेल फाइल्स आजच कॉपी करून घेतो. ताई, रविवारी जरा बघाल का?

बी-२०३, ताई: बघते. हार्डडिस्क तेवढी मोकळी करून ठेवा.