माळ्यावर सापडलेल्या जुन्या डिस्ने कॅसेटी: विकू, लावून बघू की नवीन डिस्क घेऊ?

फोंड्याची_मावशी
चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली तर आत सगळ्या व्हीएचएस कॅसेटी. काका तारवटी होते, बोट अमेरिकेला लागली की आम्हा पोरांसाठी आणायचे. स्लीपिंग ब्यूटी, सिंड्रेला, लिटल मर्मेड, आणखी बऱ्याच. ती पांढरी जाड प्लास्टिकची, पुस्तकासारखी उघडणारी कव्हरं आठवतात का कुणाला? कण्यावर काळ्या हिऱ्याचं चिन्ह आहे, आणि भाचा म्हणतो नेटवर असल्या कॅसेटी लाखाला जातात, खरं काय ते सांगा. शेजाऱ्यांचा व्हीसीआर अजून चालतो, लावून बघू का? टेपच्या कडेला पांढरं पांढरं काहीतरी धरलंय. आणि धाकट्या भाचीला हे पिक्चर नीट दाखवायचे तर कुठली डिस्क घेऊ?

रॉसऑम्लेट
लाखाचं विसर गो मावशी 😄 ते आकडे विकणाऱ्याने मागितलेले असतात, कुणी दिलेले नसतात. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी बघता येते, ती उघड म्हणजे कळेल, असल्या बहुतेक कॅसेटी किरकोळ भावाला जातात. एकेकाच्या लाखोंनी प्रती खपल्या, दुर्मिळ कसल्या डोंबलाच्या.

आणि पांढरं म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या पावसात माळ्यावर दुसरं काय होणार. ती कॅसेट शेजाऱ्यांच्या मशीनमध्ये अजिबात घालू नकोस, टेप वाचणाऱ्या हेडला बुरशी लागते आणि मग पुढची चांगली कॅसेटसुद्धा खराब, शेजारी बोलायचे बंद होतील ते वेगळंच. शिवाय टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, अमेरिकेची कॅसेट म्हणजे एनटीएससी, आपला जुना टीव्ही नि व्हीसीआर पाल. मल्टीसिस्टीम मशीन नसेल तर चित्र काळंपांढरं येईल, नाहीतर नुसतं वरखाली फिरत राहील.

म्हापसेकर_जुना
वरचं सगळं बरोबर. डिस्कचं मी सांगतो, कारण नवीन म्हणजे चांगलं असं इथे सरसकट चालत नाही.

स्लीपिंग ब्यूटी 1959 चा, सुपर टेक्निरामा 70 वर काढलेला, म्हणजे पडदा लांबच लांब. 1986 ची पहिली व्हीएचएस चौकोनी टीव्हीसाठी कापलेली, त्यामुळे जवळपास निम्मं चित्रच गायब. आयव्हिंड अर्लने रंगवलेली ती उभ्या सरळ झाडांची जंगलं आणि किल्ले ह्या पिक्चरचा जीव, आणि तेच कडेला कापलेलं. 2008 च्या ब्लूरेवर 2.55:1 ची पूर्ण रुंदी आली. तो डोळे मिटून घ्या.

सिंड्रेलाचं उलट. 2005 ची डीव्हीडी आणि 2012 चा ब्लूरे दोन्ही इतके 'स्वच्छ' केलेत की चित्रकाराची रेषाच पुसली गेलीय. होतं काय, सॉफ्टवेअर एका फ्रेममध्ये असलेली आणि पुढच्या फ्रेममध्ये नसलेली बारीक गोष्ट धूळ समजून खाऊन टाकतं, आता हलणाऱ्या माणसाची बारीक रेषा पण तशीच, तिला कसं कळणार. पॉज करून झग्याच्या चुण्या बघा, रेषा मध्येच तुटते. फिल्मचा दाणा पण गेला, सगळं गुळगुळीत मेणाचं. 2023 मध्ये मूळ नायट्रेट निगेटिव्हवरून (म्हणजे त्या काळच्या मूळ फिल्मवरून) परत काम केलं, ते मात्र झकास, रेषा परत दिसते आणि झगा रुपेरी आहे, खेळण्यांवर असतो तसा निळा नाही. ती आवृत्ती ऑगस्ट 2023 मध्ये डिस्ने प्लसवर आली. तेव्हा सिंड्रेलाची जुनी डिस्क स्वस्त मिळाली म्हणून उचलू नका.

जुन्या पिक्चरचे रंग इतके टिकले कसे हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रत्येक चित्राचे लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीन वेगळे फोटो काळ्यापांढऱ्या फिल्मवर घ्यायचे. रंगीत फिल्म फिकी पडते, चांदीची काळीपांढरी तशी पडत नाही. स्नो व्हाइट (1937) ह्यावरूनच 1993 मध्ये आख्खा 4के मध्ये (म्हणजे अतिशय बारीक तपशिलात) स्कॅन केला होता, म्हणजे आपल्याकडे केबल नुकती येत होती तेव्हा! घरी बघायची व्हीएचएस 1994 ला आली. 4के डिस्क 2023 ला.

फोंड्याची_मावशी
देव बरें करूं म्हापसेकर, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. मागे एकाकडून ऑनलाइन डीव्हीडी मागवली, कव्हर अगदी ओरिजिनलसारखं, लावली तर चित्र धूसर आणि मध्येच अडकते. असली कशी ओळखायची?

डिचोलीचो_बाब
मागची बाजू उजेडात धरा मावशी. कंपनीत छापलेली डिस्क चांदीसारखी दिसते, घरी रेकॉर्ड केलेली जांभळट नाहीतर निळसर. घेण्याआधी विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागा, तो टाळाटाळ करायला लागला की समजून जा.

रीजन पण बघा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड. डीव्हीडीला अमेरिका 1, आपण 5. ब्लूरेला अमेरिका ए, आपण सी. पीसीच्या ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलतो, पोरांनी खेळत खेळत बदलून ठेवला की संपलं. 4के डिस्कला रीजनचा घोळ नाही, पण तिला 4के प्लेअरच लागतो, साध्या ब्लूरेवर चालत नाही.

रॉसऑम्लेट
आणि मावशी, कॅसेटी टाकायच्या असतील तर कव्हरं वेगळी काढ, ओल्या फडक्याने नको, कोरड्याने पूस. लिटल मर्मेडचं जुनं चित्रवालं असेल तर मला हवंय, मी फोंड्याला येऊन घेऊन जातो.

फोंड्याची_मावशी
ते नाही मिळायचं 😌 बाकीची ने.