मदत हवी आहे: फेस लालच येतोय, हेमॅटाइट खाली राहीना

लालमाती_कोल्हापूर
सोमवारी गाइडना आकडे दाखवायचेत, डोकं फुटायची वेळ आलीय. कर्नाटकातल्या संडूरकडचा बीएचक्यू (हेमॅटाइट हे लाल लोहखनिज आणि क्वार्ट्झ यांच्या पट्ट्यांचा दगड), रिव्हर्स फ्लोटेशन, म्हणजे सेल नावाच्या टाकीत बुडबुडे सोडून नको ते फेसात काढायचं. क्वार्ट्झ फेसाबरोबर वर यायला हवा, हेमॅटाइट सेलमध्ये खाली. माझा फेस मात्र गेरूसारखा लाल. हेमॅटाइटला खाली दाबणारा स्टार्च १००० ग्रॅम प्रति टनावरून २००० केला, तरी तेच. क्वार्ट्झला फेसात चढवणारं अमाइन बदलू का? लवकर सांगा.

मिलवाला
लवकर सांगा म्हणायचं आणि निम्मी माहिती पोटात ठेवायची. स्टार्च कुठला, कसा बनवला? पीएच मीटरने बघितला की कागदाने? आधी काय घातलं? बारीक गाळ काढला का?

शिरोली_भट्टी
भावा, एवढा कुटाणा कशाला? चुंबक फिरव. आमच्या फाउंड्रीत वाळूतलं लोखंड असंच निघतंय.

मिलवाला
ते बिडाचे कण. हेमॅटाइट साध्या चुंबकाला दाद देत नाही.

शिरोली_भट्टी
मग हेमॅटाइटला जोरदार मॅग्नेटिक सेपरेटर लावतात ते काय शोभेला?

मिलवाला
लावतात की. तुमच्या भट्टीत आहे का एखादा? त्याच्याकडे सेल आहे, सेलचं बोलूया.

लालमाती_कोल्हापूर
पीएच १०.५, मीटरने. आधी स्टार्च, पाच मिनिटांनी अमाइन. स्टार्च म्हणजे मक्याचं पीठच, गिरणीतनं आणलेलं, कोमट पाण्यात ढवळलं. त्याचा काय संबंध?

मिलवाला
सगळा संबंध तिथंच आहे. कच्च्या स्टार्चचे दाणे पाण्यात नुसते तरंगतात. ते फुटून साखळ्या मोकळ्या झाल्या तरच हेमॅटाइटवर बसतात आणि अमाइनला तिथं जागा मिळत नाही. शिवाय गिरणीच्या पिठात मक्याचं तेल असतं, ते फेस मारतं. दुकानातला कॉर्नफ्लॉवर आण. ५ ग्रॅम ५० मिली गार पाण्यात कालव, १ ग्रॅम कॉस्टिक सोडा थोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू घाल (हातमोजे घालून), अर्धा तास ढवळ. दुधाळपणा जाऊन साडीच्या खळीसारखं चिकट, पारदर्शक झालं की पाण्याने ५०० मिली कर. ५०० ग्रॅम नमुन्याला त्यातले ५० मिली म्हणजे तुझे १००० ग्रॅम प्रति टन. पीएच परत बघ. रोज ताजं करायचं, शिळं नासतं.

आजरेकर
साबुदाण्याचा स्टार्चही चालतो. आमच्याकडे उपवासाला…

मिलवाला
खिचडीचा धागा वेगळा काढा.

राधानगरी_बॉक्साइट
सिलिका (म्हणजे क्वार्ट्झ) जाईल हो, ॲल्युमिनाचं काय? स्टार्च गिबसाइट या ॲल्युमिनाच्या खनिजालाही धरतो, तो हेमॅटाइटबरोबर खालीच राहतो. यात माझं वर्ष गेलं.

लालमाती_कोल्हापूर
माझ्यात ॲल्युमिना किरकोळ आहे. @मिलवाला, खळ करून बघितली. फेस एकदम फिकट, जेमतेम गुलाबी! नाद खुळा. आकडे उद्या. पण अमाइन फार लागतंय, १०० ग्रॅम प्रति टनाला फेस धरतच नाही.

नवा_सभासद
सोडियम सिलिकेट टाकून बघा, क्वार्ट्झ मस्त खाली दबतो.

शिरोली_भट्टी
मर्दा, क्वार्ट्झ वर हवाय त्याला! एवढं आता मलापण कळलं.

मिलवाला
@लालमाती, गाळाचं विचारलं होतं. १० मायक्रॉनखालचा गाळ अमाइन पिऊन टाकतो. काढलास का?

लालमाती_कोल्हापूर
नाही. तो कसा काढायचा?