मदत हवी आहे : जुन्या एमजीच्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये कोणते ऑइल घालावे?

तापीकाठ (भुसावळ) : आमच्या जुन्या एमजीचे (ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे) इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्हींचे ऑइल आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत बदलायचे आहे, कारण त्या दिवशी याच गाडीने धुळ्याला जायचे ठरले आहे. गॅरेजवाल्यांनी इंजिनात ५डब्ल्यू-३० आणि गिअरबॉक्समध्ये ९० नंबर (हे ऑइलच्या घट्ट-पातळपणाचे ग्रेड) सुचवले आहे. कृपया नेमका ग्रेड लवकर कळवावा.

चाळीसगावकर : मॉडेल कोणते, साल कोणते, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा, गिअरबॉक्सला मागून जोडलेला भाग) आहे का?

तापीकाठ : एमजीबी, १९६५, ओव्हरड्राइव्हसह. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकला की करकर होते, तीही ऑइलने थांबावी.

अ‍ॅम्बेसेडरप्रेमी (जळगाव) : आमच्या अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन आणि तुमचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या एकाच बी-सिरीज घराण्यातले आहेत, म्हणून आग्रहाने सांगतो की २०डब्ल्यू-५० मिनरलच (सिंथेटिक नव्हे) घाला. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ५डब्ल्यू-३० फार पातळ पडते. शिवाय त्या ग्रेडच्या नव्या ऑइलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारा भाग) जपण्यासाठी फॉस्फरस कमी ठेवलेला असतो, आणि या इंजिनाच्या कॅमला व टॅपेटना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, एकमेकांवर घासणाऱ्या भागांना) झिंक-फॉस्फरसचेच संरक्षण लागते.

शेतीवाडी (शिरपूर) : ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० घाला. त्यात झिंक पुरेसे असते आणि ते कुठेही मिळते.

अ‍ॅम्बेसेडरप्रेमी : झिंकचे मान्य आहे, पण तापलेल्या इंजिनात ४० हे ५० पेक्षा पातळच राहणार. मॅन्युअलप्रमाणे गाडी चालताना ऑइलचा दाब दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड हवा. धुळ्याच्या वाटेवर तो काटा पाहत जा.



चाळीसगावकर : ९० नंबरचे ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे जास्त दाब सोसणारे) ऑइल मागच्या अ‍ॅक्सलसाठी असते, ते गिअरबॉक्समध्ये मुळीच घालू नका. एमजीबीच्या गिअरबॉक्सला इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० लागते, कारण ओव्हरड्राइव्ह त्याच ऑइलवर चालतो आणि ईपीमधील रसायने त्याच्या क्लचला मानवत नाहीत. राहिली करकर, तर १९६५ च्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेशच (गिअरचे वेग जुळवून तो अलगद पाडणारी रचना) नाही. ऑइल कोणतेही घातले तरी गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा लागेल.

तापीकाठ : गिअरबॉक्सची पातळी कुठे पाहायची? खालून लेव्हल प्लग सापडत नाही.

चाळीसगावकर : आतला गालिचा उचला, टनेलवरच्या (दोन सीटमधल्या उंचवट्यावरच्या) रबरी बुचाखाली डिपस्टिक आहे. जुने ऑइल काढताना ओव्हरड्राइव्हचा वेगळा ड्रेन प्लगही उघडा आणि त्यामागची जाळी धुऊन परत बसवा.